काळ जातो म्हणजे काय? : पालि परंपरेतील कालविचाराचा इतिहास

मराठीत आपण काळाविषयी बोलतो तेव्हा त्याला बहुधा कर्त्याचे स्थान देतो. काळ येतो, काळ जातो, काळ घाला घालतो, काळ कोणासाठी थांबत नाही, असे आपण सहज म्हणून जातो. मृत्यूलाही आपल्या भाषेत काळच म्हणतात. या बोलण्यामागे एक जुने तत्त्वज्ञान आहे. काळ नावाची एक स्वतंत्र शक्ती माणसाच्या बाहेर असून ती त्याला घडविते व मोडते, असे हे तत्त्वज्ञान सांगते. हे मत स्वीकारले तर मानवी प्रयत्नाला आणि पर्यायाने धम्मालाही फारसा अर्थ उरत नाही. बौद्ध आचार्यांनी काळाच्या प्रश्नाचा अनेक शतके पाठपुरावा केला, त्यामागे हे एक महत्त्वाचे कारण होते.

काळ सरतो आहे असे आपल्याला का वाटते, वर्तमान म्हणून आपण जे अनुभवतो ते किती मोठे असते, आणि होऊन गेलेला भूतकाळ आज कोणत्या अर्थाने ‘आहे’, हे तीन प्रश्न प्रस्तुत लेखात विचारात घेतले आहेत. विनय, अभिधम्म व अट्ठकथा यांतील उत्तरांचा क्रमाने मागोवा घेऊन त्यांचा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विचाराशी असलेला संबंध शेवटी पाहावयाचा आहे.

पूर्वपक्ष : काळ हाच कर्ता

अथर्ववेदाच्या १९ व्या कांडातील दोन सूक्तांत (५३ व ५४) काळाला सर्व सृष्टीचा जनक मानले आहे. श्वेताश्वतर उपनिषदाच्या आरंभी जगाचे कारण कोणते याची चर्चा करताना काळ, स्वभाव, नियती व यदृच्छा ही नावे येतात. त्यावरून त्या काळी असे निरनिराळे वाद प्रचलित होते हे दिसून येते. पुढे वैशेषिक दर्शनाने काळाची गणना नऊ द्रव्यांत केली. आधी, नंतर, एकाच वेळी, लवकर, उशिरा अशा प्रतीती आपल्याला होतात. त्यांना काही आधार हवा. तो आधार म्हणजे एक, नित्य व सर्वव्यापी असे कालद्रव्य, अशी वैशेषिकांची युक्ती होती.

बुद्धसमकालीन मक्खलि गोसालाचे मत दीघनिकायातील सामञ्ञफलसुत्तात आले आहे. सुताचा गुंडा फेकला असता तो जसा उलगडत जातो व सूत संपताच थांबतो, त्याप्रमाणे मूर्ख व पंडित दोघेही ८४ लाख महाकल्पांचा प्रवास पुरा करून आपोआप दुःखमुक्त होतात, असे तो मानीत असे. शीलाने, व्रताने किंवा प्रयत्नाने त्यात काही कमीअधिक होत नाही. येथे काळ म्हणजे आधीच गुंडाळून ठेवलेले सूत आहे.

अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातातील तित्थायतनसुत्तात भगवान बुद्धांनी तीन मतांची परीक्षा केली आहे. माणूस जे जे सुखदुःख भोगतो ते सर्व पूर्वी केलेल्या कर्मामुळे, असे पहिले मत. ईश्वराच्या निर्मितीमुळे, असे दुसरे. आणि कोणत्याही हेतूवाचून, असे तिसरे. तिन्ही मतांवर तथागतांचा आक्षेप एकच आहे. ही मते धरून बसणाऱ्याला हे करावे व हे करू नये असे म्हणावयास आधारच उरत नाही. बौद्ध कालविचार याच कसोटीवर वाढला आहे. त्याचा आरंभ मात्र तत्त्वचर्चेत न होता संघाच्या दैनंदिन व्यवहारात झालेला दिसतो.

संघातील काळ : सावली, ऋतू आणि ज्येष्ठता

विनयपिटकातील महावग्गात असा नियम आहे की उपसंपदा होताच लगेच सावली मोजावी, ऋतू सांगावा आणि दिवसाचा कोणता भाग आहे तेही सांगावे. वरवर पाहता हा नियम किरकोळ वाटतो. परंतु ज्येष्ठकनिष्ठ ठरविण्यासाठी संघाला हा मोजका काळ आवश्यक होता. एकाच दिवशी दोघांची उपसंपदा झाली तरी कोण आधीचा व कोण नंतरचा हे सावलीच्या मापावरून सांगता येत असे.

याचे सामाजिक महत्त्व चुल्लवग्गातील सेनासनक्खन्धकात स्पष्ट होते. उत्तम आसन, उत्तम उदक व उत्तम भिक्षा यांचा पहिला मान कोणाला, असे भगवंतांनी विचारले असता काही भिक्खूंनी क्षत्रिय कुळातून आलेल्याला, काहींनी ब्राह्मण कुळातून आलेल्याला, तर काहींनी गृहपती कुळातून आलेल्याला अशी उत्तरे दिली. भगवंतांनी ती अमान्य करून वंदन, आसन व भिक्षा हे सर्व ज्येष्ठतेप्रमाणे असावे असा नियम घालून दिला. ही ज्येष्ठता संघातील वर्षावासांवरून मोजावयाची होती. ज्या समाजात जन्माची घटका माणसाचे स्थान ठरवीत होती, त्या समाजात संघाने उपसंपदेची घटका मोजावयास घेतली. अनुपिया येथे भद्दिय, अनुरुद्ध, आनंद इत्यादी शाक्यकुमारांनी उपालि या न्हाव्याला आपल्याआधी प्रव्रज्या द्यावी अशी विनंती केली, ती आपला शाक्यकुळाचा अभिमान उतरावा म्हणून. उपालि काही क्षणांनी ज्येष्ठ ठरला आणि राजकुळातील तरुणांनी त्याला वंदन केले.

काळाची ही व्यावहारिक मांडणी महाराष्ट्रातील लेण्यांतही आढळते. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरील ३ क्रमांकाच्या लेण्यातील प्रसिद्ध लेखात वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या राज्याचे १९ वे वर्ष, ग्रीष्माचा दुसरा पक्ष आणि १३ वा दिवस असा काळ दिला आहे. गौतमी बलश्रीने भद्रायणीय निकायाच्या भिक्खुसंघाला ते लेणे दान दिल्याची ही नोंद आहे. वर्षाचे ग्रीष्म, वर्षा व हेमंत असे तीन ऋतू आणि त्या ऋतूंचे पक्ष ही गणना विनयातील ऋतुविचाराशी जुळणारी आहे. या सर्व उदाहरणांत काळ म्हणजे निसर्गातील बदलांवरून माणसांनी ठरविलेले माप आहे. त्याच्या ठिकाणी कर्तृत्व कोणीही कल्पिलेले नाही.

अभिधम्माचा निर्णय : काळ ही पञ्ञत्ति

व्यवहारातील ही दृष्टी अभिधम्मात सिद्धांतरूप झाली. धम्मसंगणीत कुशल चित्ताचे वर्णन ‘ज्या समयी असे चित्त उत्पन्न होते त्या समयी’ अशा धाटणीने येते. तेथे ‘समय’ शब्द का योजला, याचे विवेचन अट्ठसालिनीत आहे. समय शब्दाचे समवाय, क्षण, काल, समूह व हेतू असे अर्थ देऊन अट्ठकथाकार सांगतात की काल हा त्या त्या धम्मांना अनुलक्षून केलेला व्यवहार आहे. बीजाचा काळ व अंकुराचा काळ हा धम्मांच्या क्रमावरून होतो. उत्पत्तीचा काळ व जरेचा काळ त्यांच्या लक्षणांवरून. स्नानाचा, पानाचा, चालण्याचा व उभे राहण्याचा काळ माणसांच्या क्रियांवरून. सकाळ, संध्याकाळ, दिवस व रात्र चंद्रसूर्यांच्या फिरण्यावरून. बीज, अंकुर, चालणारा माणूस, फिरणारा सूर्य हे सर्व वगळले तर ‘काल’ म्हणून हाती काहीच लागत नाही. म्हणून स्वभावतः विद्यमान नसल्यामुळे काल ही केवळ पञ्ञत्ति, म्हणजे व्यवहारासाठी योजलेली संज्ञा होय, असा निर्णय तेथे दिला आहे.

वैशेषिकांच्या युक्तीला हे थेट उत्तर आहे. ‘आधी’ व ‘नंतर’ या प्रतीतींना आधार लागतो हे खरे. परंतु बदलणारे धम्म हाच तो आधार आहे, त्यासाठी वेगळे द्रव्य मानण्याचे कारण नाही. नागार्जुनाने मूलमध्यमककारिकेच्या १९ व्या प्रकरणात, म्हणजे कालपरीक्षेत, हाच विषय दुसऱ्या बाजूने हाताळला. वर्तमान व भविष्य हे भूताच्या अपेक्षेनेच वर्तमान व भविष्य ठरतात; परस्परांवर अवलंबून असलेल्या या तिघांना स्वतंत्र सत्ता देता येत नाही, असे त्याने सहा कारिकांत दाखविले.

वर्तमान केवढा असतो?

काळ ही संज्ञा असली तरी काळ सरत असल्याचा अनुभव खोटा म्हणून सोडून देता येत नाही. तो कसा निर्माण होतो हे सांगावे लागते. या दृष्टीने आचार्य बुद्धघोषांच्या विसुद्धिमग्गातील विवेचन विशेष मोलाचे आहे. बुद्धघोषांनी इ. स. च्या ५ व्या शतकात अनुराधपूरच्या महाविहारात या ग्रंथाची रचना केली.

या ग्रंथात ‘पच्चुप्पन्न’ म्हणजे वर्तमान याचे अनेक अर्थ दिले आहेत. अद्धा या अर्थाने प्रतिसंधीपासून मृत्यूपर्यंतचे सारे आयुष्य हा वर्तमान. समय या अर्थाने मुहूर्त, सकाळ, दिवस यांसारखा व्यवहारातील कालखंड हा वर्तमान. क्षण या अर्थाने उत्पाद, स्थिती व भंग या तीन अवस्थांतून जाणारे एकच चित्त हा वर्तमान. समय आणि क्षण यांच्या मध्ये संततिवर्तमान येतो. एका ओघाने चाललेली रूपांची किंवा चित्तांची मालिका जोवर आपल्याला एकच वाटते, तेवढा हा वर्तमान.

त्याचे स्पष्टीकरण करताना बुद्धघोषांनी मज्झिमभाणक व संयुत्तभाणक या दोन पठणपरंपरांची मते दिली असून त्यांतील दृष्टांत रोजच्या जीवनातील आहेत. अंधारात बसलेला माणूस उजेडात आला की त्याला समोरची वस्तू लगेच स्पष्ट दिसत नाही. दूर उभ्या असलेल्या माणसाला परटांच्या हातांची हालचाल किंवा नगारा वाजविणाऱ्याची क्रिया दिसते, पण आवाज लगेच ऐकू येत नाही. वस्तू स्पष्ट होईपर्यंत, आवाज ऐकू येईपर्यंत मध्ये एकदोन संतती जातात, असे मज्झिमभाणक म्हणत. संयुत्तभाणकांचे दृष्टांत याहून निराळे. पाण्यातून चालून आलेल्या माणसाच्या पावलाने काठावर उमटलेली पाण्याची रेघ निवळेपर्यंत, प्रवासातून आलेल्याच्या अंगातील उष्णता शमेपर्यंत, उन्हातून खोलीत शिरलेल्याच्या डोळ्यांपुढील अंधारी जाईपर्यंत रूपसंतती टिकते. दोनतीन जवनवार एवढी अरूपसंतती, असे ते सांगत.

नदीकाठी धुणे आपटणाऱ्या परटाचा हात आधी दिसतो व आवाज मागून येतो, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. आजचे भौतिकशास्त्र याचे कारण ध्वनीच्या वेगात दाखविते. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. भाणकांपुढे हे माप नव्हते आणि त्यांचा प्रश्नही वेगळा होता. जाणणाऱ्याच्या अनुभवात हे अंतर कसे भासते, हे त्यांना पाहावयाचे होते. अनुभवातील ‘आता’ हा बिंदूएवढा नसतो, त्याला काही रुंदी असते आणि ती रुंदी इंद्रिये व चित्त यांच्या स्थितीप्रमाणे बदलते, हे त्यांनी ओळखले होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मानसशास्त्राच्या ग्रंथात अनुभवातील वर्तमानाला रुंदी असते, हा मुद्दा मांडला व तो आधुनिक चर्चेत रूढ झाला.

पश्चिमेत या प्रश्नाचा गंभीर विचार करणारा ऑगस्टीन (३५४ ते ४३०) हा बुद्धघोषांच्या थोडा आधीचा. उत्तर आफ्रिकेतील हिप्पो येथे इ. स. ४०० च्या सुमारास लिहिलेल्या आत्मनिवेदनपर ग्रंथाच्या ११ व्या भागात त्याने भूतकाळ स्मृतीत, वर्तमान अवधानात व भविष्य अपेक्षेत असल्याचे म्हटले आहे. काळाचे मापन चित्तात होते, येथपर्यंत दोघांत साम्य आहे. पुढे मात्र मार्ग वेगळे होतात. ऑगस्टीनला काळाच्या पलीकडे एक शाश्वत ईश्वर हवा आहे आणि त्याचे सारे चिंतन त्या ईश्वरापुढील प्रार्थना म्हणून चालते. बुद्धघोषांना अनित्यतेच्या मागे कोणतेही नित्य अधिष्ठान शोधावे लागत नाही. स्मरण करणारा स्थिर आत्माही त्यांच्या विवेचनात नाही, कारण चित्त हेच प्रवाहरूप आहे.

मग सर्व काही क्षणोक्षणी बदलत असताना आपल्याला स्थैर्याचा भास का होतो? विसुद्धिमग्गाच्या २१ व्या परिच्छेदात याचे उत्तर आहे. उदयव्ययाकडे लक्ष न दिल्यामुळे संततीचा पडदा अनित्यलक्षणाला झाकून टाकतो. संयुत्तनिकायातील अस्सुतवासुत्तात याचे मूळ सापडते. शरीर एक वर्ष, दहा वर्षे, शंभर वर्षेही टिकलेले दिसते. पण ज्याला चित्त म्हणतात ते दिवसरात्र एक उत्पन्न होते व दुसरे निरुद्ध होते, असे तेथे म्हटले आहे. प्रवाहात लक्ष नसले की आपण स्थिर आहोत असे वाटते, आणि पुढे कधीतरी बदल एकदम ध्यानात आला की ‘काळ किती भर्रकन गेला’ असे आपण म्हणतो. वस्तुतः कोणी गेलेला नसतो. बदलाकडे आपले अवधान नव्हते आणि नंतर आले, एवढेच घडलेले असते.

भूतकाळ ‘आहे’ काय?

बौद्ध निकायांतील सर्वांत मोठा वाद तिसऱ्या प्रश्नावर झाला. परंपरेनुसार सम्राट अशोकाच्या काळी पाटलिपुत्र येथे मोग्गलिपुत्त तिस्स थेरांनी कथावत्थुची रचना केली. त्याच्या पहिल्याच वग्गात ‘सब्बं अत्थि’, म्हणजे भूत, भविष्य व वर्तमान या तिन्ही काळांतील सर्व धम्म आहेत, या मताचे खंडन आले आहे. अट्ठकथेनुसार हे सर्वास्तिवाद्यांचे मत.

सर्वास्तिवाद्यांची बाजू दुबळी नव्हती. ज्ञानाला विषय लागतो. आपल्याला भूतकाळाचे ज्ञान होते. तेव्हा भूतकाळ असला पाहिजे. तसेच केलेले कर्म संपून गेले आणि ते मुळीच नसेल, तर त्याचे फळ कोठून येईल? त्यांच्या चार आचार्यांनी चार उपपत्ती दिल्या. सोन्याचे भांडे मोडून दुसरे घडविले तरी सोने तेच राहते, त्याप्रमाणे भाव बदलतो व द्रव्य राहते, असे धर्मत्रात म्हणत. घोषकांच्या मते लक्षणात फरक पडतो. वसुमित्रांच्या मते अवस्थेत फरक पडतो. गणनेतील एकच खडा एकंच्या स्थानी एक व शतंच्या स्थानी शंभर ठरतो, तसा एकच धर्म स्थानपरत्वे भूत, वर्तमान किंवा भविष्य ठरतो. बुद्धदेवांच्या मते एकच स्त्री जशी एकीची मुलगी व दुसरीची आई असते, तसा हा अपेक्षेचा भेद आहे. यांपैकी वसुमित्रांची उपपत्ती वैभाषिकांनी ग्राह्य मानली. काश्यपीयांनी मधला मार्ग काढला. ज्या भूतकालीन कर्माचे फळ अजून मिळालेले नाही तेवढे कर्म ‘आहे’, बाकीचे नाही, असे त्यांचे मत कथावत्थुच्या अट्ठकथेवरून कळते.

थेरवाद्यांचे व पुढे सौत्रांतिकांचे उत्तर भाषेच्या काटेकोर उपयोगावर उभे आहे. संयुत्तनिकायाच्या खन्धसंयुत्तातील निरुत्तिपथसुत्त या दृष्टीने मुळातून वाचण्यासारखे आहे. जे अतीत व निरुद्ध झाले त्याला ‘अहोसि’ (होते) म्हणावे, जे झालेले नाही त्याला ‘भविस्सति’ (होईल) म्हणावे, आणि जे उत्पन्न झाले आहे त्यालाच ‘अत्थि’ (आहे) म्हणावे. या तीन वाटांची सरमिसळ करू नये, असे तेथे सांगितले आहे. वसुबंधूंनी अभिधर्मकोशाच्या ५ व्या कोशस्थानात सर्वास्तिवादाला असेच उत्तर दिले. आपण भूतकाळ आठवतो तो ‘होता’ म्हणून आठवतो, ‘आहे’ म्हणून आठवत नाही. आणि फळ येते ते संततीत झालेल्या विशिष्ट परिणामातून. झाडाला फळ येते तेव्हा मूळ बीज कोठे जपून ठेवलेले नसते. अंकुर, खोड, फांदी, फूल या क्रमाने प्रवाह बदलत आलेला असतो, आणि त्या वाटेवर पाणी, माती, ऊन यांनीही आपले काम केलेले असते.

हा वाद शब्दांचा कीस काढणारा वाटेल, परंतु त्याचा परिणाम दूरगामी आहे. भूतकाळ ‘आहे’ असे म्हटले की तो आजच्या माणसावर सत्ता चालवू शकतो. तो ‘होता’ असे म्हटले की त्याचा इतिहास लिहिता येतो, कारणे शोधता येतात आणि त्या कारणांचे आज उरलेले परिणाम बदलता येतात.

बाबासाहेबांची भूमिका

जन्माधिष्ठित हीनतेचे समर्थन या देशात दीर्घकाळ भूतकाळाच्या आधारेच केले गेले. या जन्मीचे दैन्य हे मागील जन्मीच्या पापाचे फळ, म्हणून ते निमूटपणे भोगावे, असे सांगितले गेले. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी या मतावर कठोर प्रहार केला. गरीब व दलितांच्या स्थितीची जबाबदारी राज्याला व समाजाला टाळता यावी, याखेरीज अशा सिद्धांताचा दुसरा हेतू दिसत नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. बुद्धप्रणीत कर्मनियम वर्तमान जीवनापुरता आहे, असे ते प्रतिपादन करतात.

येथे एक भेद प्रामाणिकपणे नोंदविला पाहिजे. बुद्धघोष व अन्य अट्ठकथाकार पुनर्जन्म व पूर्वजन्मीच्या कर्माचा विपाक मानतात; बाबासाहेब हा अर्थ नाकारतात. परंतु सर्व सुखदुःख पूर्वकर्मानेच ठरते हे मत निकायांनाही मान्य नाही. संयुत्तनिकायातील सीवकसुत्तात वेदनेची आठ कारणे दिली आहेत : पित्त, कफ, वात, त्यांचा संनिपात, ऋतुबदल, विषम वागणूक, दुसऱ्याकडून झालेला आघात आणि कर्मविपाक. आठांपैकी कर्मविपाक हे एक कारण आहे. सर्व वेदना पूर्वकर्मामुळेच होतात असे म्हणणारे स्वतःच्या अनुभवाच्या व लोकमान्य सत्याच्याही पलीकडे जातात, असे तथागत तेथे सांगतात. तेव्हा बाबासाहेबांच्या भूमिकेची बीजे पालि वाङ्मयातच आहेत, हे निःसंकोचपणे म्हणता येते.

त्याच ग्रंथात संखार अनित्य आहेत या तत्त्वाचे त्यांनी केलेले विवरणही या संदर्भात पाहावे. माणूस दोन क्षणी एकच नसतो, तो सतत बदलत व वाढत असतो. आणि अनित्यता नसती तर विकास शक्यच झाला नसता, असा अर्थ त्यांनी लावला. अनित्यतेच्या अनुभवातून विरक्ती येते, हा भाग पूर्वाचार्यांनी विस्ताराने सांगितला होता. त्या अनुभवातून परिवर्तनाचा आधार मिळतो, हा भाग बाबासाहेबांनी पुढे आणला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे लाखो स्त्रीपुरुषांनी धम्मदीक्षा घेतली, तेव्हा शतकानुशतके ‘अत्थि’ म्हणून लादलेले काहीतरी त्यांनी ‘अहोसि’ ठरविले, असे पालिच्या अभ्यासकाला म्हणावेसे वाटते.

समारोप

मज्झिमनिकायातील भद्देकरत्तसुत्ताचा उपदेश पुष्कळदा अपुरा समजला जातो. भूतकाळामागे धावू नये म्हणजे तो विसरून जावा, असा त्याचा अर्थ नाही. ‘भूतकाळी माझे रूप असे होते, वेदना अशा होत्या’ असे म्हणत त्यांत रममाण होणे याला सुत्तात अतीताचे अनुगमन म्हटले आहे. झालेल्या अन्यायाचे स्मरण ठेवणे, त्याची कारणे अभ्यासणे हे अनुगमन नव्हे. त्याच सुत्तात जे करावयाचे ते आजच करावे, असा आग्रह आहे.

पालि परंपरेने काळाला सिंहासनावरून उतरवून व्यवहारातील एक उपयुक्त संज्ञा केले. सावली मोजावी, वर्षावास मोजावेत, शिलालेखात ऋतू व पक्ष कोरावेत, यासाठी काळ आहे. आपल्या लेकरांच्या वाट्याला येणारे दिवस कसे असतील, हे काळाकडे सोपविण्याची सोय मात्र या परंपरेत नाही. ते काम आपल्या कर्माचे आहे, आणि कर्म करण्याला वर्तमानाखेरीज दुसरी जागा नाही.